बिनशिक्क्याचा चाकू

देवचंद गुरुजींच्या हातात कोणी जुना चाकू दिला, तर ते आधी मूठ बघत नसत, धारही बघत नसत. नखाने पातं अर्धवट उघडायचं, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि पात्याच्या मुळाशी डोळा न्यायचा. तिथे, मुठीत शिरण्याच्या जरा अलीकडे, करणारा आपला शिक्का मारून ठेवतो. कोणाचा मासा, कोणाची चांदणी, कोणाचं नुसतं एक अक्षर. शिक्का दिसला की गुरुजींचा चेहरा फुलायचा. दूरच्या लग्नात आपल्या गावचा माणूस भेटावा, तसा.

हे चाकू काही राजेरजवाड्यांचे नव्हते. केळीचा घड उतरवणाऱ्याच्या, लिंबाचं कलम बांधणाऱ्याच्या, गुराख्याच्या खिशात राहिलेले साधे घडीचे चाकू. खानदेशात एकेकाळी गावोगाव ते होत. मग बाजारात कारखान्याचा स्वस्त माल आला, भट्ट्या विझल्या आणि करणारे कोण होते हेही लोक विसरले. गुरुजी धुळ्याच्या एका शाळेत हस्तकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर आठवडेबाजार, भंगाराची दुकानं, यात्रा असं हिंडून त्यांनी हे चाकू जमवले. एकेका शिक्क्यासाठी चोपडा, अमळनेर, शिरपूर पालथं घातलं. नाव सापडलं की चाकू काचेच्या झाकणाच्या खणात, खाली सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. करणाऱ्याचं नाव नाही तर खणात जागा नाही, हा त्यांचा नियम.

"खणात एवढे चाकू," पार्वताबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आणि माझ्या ओट्यावर वांगं चिरायला एक धड नाही. जो आहे तो वांग्याला नुसता गुदगुल्या करतो."

"त्यावर शिक्का नाही, म्हणून त्याला मी हात लावत नाही," गुरुजी म्हणायचे.

बिनशिक्क्याच्या चाकूंसाठी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. शिक्का नाही म्हणजे मालकाने नापास केलेला माल, हे गुरुजींचं ठाम मत. मालक बाकावर बसून एकेक नग तपासणार, पसंत पडला त्यावर शिक्का, नाही पडला तो बाजूला. तर्क सरळ होता आणि त्याला कधी कोणी हरकत घेतली नव्हती. रविवारी सकाळी गल्लीतली मुलं गुरुजींकडे यायची. कागदाचे पक्षी, बांबूच्या शिट्ट्या, मातीचे बैल असं काहीबाही करायची. वस्तू कशी बनते हे ती खोलून बघितल्याशिवाय कळत नाही, असं गुरुजी मानत. मग डब्यातला एखादा चाकू निघायचा. गुरुजी कानशीने मूठ जोडून धरणाऱ्या खिळ्याचं, म्हणजे रिबिटीचं, डोकं घासून काढायचे, मूठ दोन फाकांत उघडायची आणि मुलं श्वास रोखून पुढे वाकायची. पातं, त्याला ताण देणारी पाठीची कमान, मुठीच्या दोन पट्ट्या. सुटे भाग पुन्हा त्याच डब्यात जायचे.

दसरा तोंडावर आला होता, तेव्हाची गोष्ट. सकाळचं ऊन ओसरीत आलं होतं. फाटक वाजलं आणि एक म्हातारी बाई, नऊवारी नीट चापून नेसलेली, हातात कापडी पिशवी, आत डोकावली.

"गुरुजीसनं घर हाईच शे का?"

"हेच. या ना, बसा."

ती भागाबाई. पाचोऱ्याची. पहाटेच्या गाडीने निघून चाळीसगावला गाडी बदलून आली होती. गुरुजींनी शाळेच्या प्रदर्शनात मांडलेल्या चाकूंचा व्हिडिओ तिच्या नातवाच्या फोनवर आला होता. त्यात एक शिक्का तिने ओळखला होता.

पार्वताबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवला. भागाबाईने आधी पावसाची, मग गाडीतल्या गर्दीची, मग सुनेच्या गुडघ्याची हकीकत सांगितली. गुरुजी थांबले. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलं त्यांनी जन्मभर पाहिली होती.

शेवटी ती म्हणाली, "मना बाप रुपचंद शेठना कारखानामा चाकू करे. चाळीसगावले. मोतीलाल नाव व्हतं त्यानं."

गुरुजी सावरून बसले. रुपचंद शेठचा विड्याच्या पानाचा शिक्का त्यांच्या खणातला मानाचा. तो कारखाना म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड, आत पाचसहा कारागीर, एवढं त्यांनी शोधून काढलं होतं. पण कारागिरांपैकी एकाचंही नाव त्यांना मिळालं नव्हतं.

"बापनी एक वस्तू मनाजवळ नही," भागाबाई सांगत होती. वडील गेले तेव्हा ती सासरी होती. भावाने ऐरण, हातोड्या, लोखंडी पेटी, सगळं एका फेरीत भंगारवाल्याला दिलं. फोटो तर कधी काढलाच नव्हता. आता भाऊही गेला. "नातू इचारस, आजी, तुना बाप कसा दिसे? मी काय दखाडू त्याले?" त्या पेटीत वडिलांचा स्वतःचा एक चाकू होता. हळदीसारख्या पिवळ्या मुठीचा. तो मिळाला तर बघायचा होता. द्याल तर नवमीला पूजेत ठेवायचा होता. नाही दिला तरी निदान एकदा हातात घ्यायचा होता.

गुरुजींनी खण बाहेर आणला. पानाच्या शिक्क्याचे सगळे चाकू एका पंच्यावर मांडले. भागाबाईने एकेक उचलला, उघडला, मिटला, खाली ठेवला. एक मूठ तिने जरा जास्त वेळ धरली, मग तीही ठेवली.

"या बठ्ठा शेठना शेतस. मना बापना यामा नही."

"पण हे तुमच्या वडिलांनीच केलेले असतील, ताई. त्यांच्याच कारखान्यातले आहेत."

"करेल तर त्यानाच ऱ्हातीन. पन शिक्का देखा ना. शिक्का शेठना." ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "मी सांगस तो खंडेनवमीना चाकू शे. त्याले शिक्का नही."

"शिक्का नाही?" गुरुजींनी विचारलं.

तेव्हा तिने सांगितलं ते असं. कारखान्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा असे. तिच्या आदल्या दिवशी शेठचं काम बंद. त्या दिवशी भट्टी कारागिरांची. प्रत्येकाने स्वतःसाठी एक चाकू करायचा, वर्षभर बाजूला राखून ठेवलेल्या उत्तम पोलादाचा, हवी ती मूठ घालून. तिचे वडील त्यासाठी हळदूचं पिवळं लाकूड जपून ठेवत. सातपुड्यातून मोळ्या घेऊन येणारा एक माणूस ते आणून देई. त्या दिवशी शेठ शिक्का कुलपात ठेवून किल्ली कमरेला लावत, आणि चाकूवर कोणाचंच नाव पडत नसे. नवमीला तो पूजेत बसे, मग कारागिराच्या खिशात. नवा झाला की जुना भावाला, जावयाला, मित्राला. शेवटचा तेवढा मोतीलालजवळ राहिला होता.

"कारखानाना भारी चाकू त्याच," ती म्हणाली. "शेठबी मागे. पन कोणी दे नही."

इतक्या म्हाताऱ्या लोहारांशी गुरुजी तासन्‌तास बोलले होते. पोलाद कुठून यायचं, पाणी कसं पाजायचं, कमानीला ताण किती, सारं विचारलं होतं. सणाचं कधी विचारलं नव्हतं. लहानपणी त्यांच्या घरी दसऱ्याच्या सुमारास बुद्धविहारात जायचं, पांढरे कपडे घालायचे, वडिलांच्या खांद्यावर बसून मिरवणूक बघायची. हत्यारांची पूजा त्यांनी दुरून पाहिलेली, दुसऱ्यांच्या अंगणातली. तिथे आपल्या कामाचं काही असेल असं त्यांच्या मनात कधी आलंच नाही.

"आलोच," म्हणून ते आत गेले.

डबा कपाटाच्या वरच्या फळीवर होता. त्यांनी तो खाली घेतला आणि झाकणावर हात ठेवून उभे राहिले. आत काय आहे हे त्यांना माहीत होतं. चाळीसगावच्या एका भंगारवाल्याकडून एकदा मूठभर चाकू घेतले होते, बहुतेक बिनशिक्क्याचे. त्यांतला एक खोलताना रिबिट घट्ट बसलेली होती, कानशीला दाद देत नव्हती, आणि ते मुलांना म्हणाले होते, "बघा, नापास माल, पण रिबिट काय मारली आहे!" मुलं हसली होती. तेही हसले होते.

पार्वताबाई चहाचे कप घेऊन दारात थबकल्या. सगळं बोलणं त्यांच्या कानावर आलेलं होतं.

"नाही म्हणून सांगितलं तर बाई निमूट परत जाईल," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "मिळाला नाही, एवढंच."

"मग सांगा तसं," पार्वताबाई म्हणाल्या. "आणि रविवारी पोरांना खरं बोला म्हणून शिकवा."

गुरुजींनी डबा उचलला. ओसरीत येऊन त्यांनी पंच्यावरचे शिक्क्याचे चाकू बाजूला सारले आणि डबा उपडा केला. पाती, कमानी, पट्ट्या यांचा ढीग झाला. मधे दोनतीन चाकू अजून शाबूत होते.

"ताई," ते म्हणाले, "शिक्का नसलेला चाकू म्हणजे टाकाऊ, असं मी समजत होतो. मुलांना शिकवण्यासाठी मी हे खोलले. तुमच्या वडिलांचा यांत असेल, तर तो मी मोडला आहे."

भागाबाई ढिगाकडे बघत राहिली. चहावर साय धरली.

"तुम्ही मास्तर शेतस ना?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. "कोणले इचारं नही?"

"नाही विचारलं."

तिने शाबूत चाकू आधी पाहिले. एकही तिचा नव्हता. मग ती पट्ट्या चाळू लागली. तपकिरी, काळपट, तेलकट. पिवळी एकही नव्हती. तिने पुन्हा चाळल्या. मग हात मांडीवर ठेवून बसली.

"पिवळी व्हती. हयदनागत. मी इसरावू नही."

गुरुजींना आता एकच गोष्ट येत होती, ती त्यांनी केली. चष्मा कपाळावर ढकलला आणि कामाला लागले. सर्वांत आधी सारी पाती एका रांगेत लावली, टोकं एका दिशेला. चाकू उघडताना नख अडकवायला पात्यावर एक खाच असते. उजव्या हाताच्या माणसाला सोयीची अशी ती पात्याच्या डाव्या अंगाला पाडतात. रांगेतल्या पात्यांना ती डाव्या अंगालाच होती. एक सोडून.

"ताई, तुमचे वडील घण कोणत्या हाताने मारायचे?"

तिने डावा हात वर केला.

"डावरे होते?"

"जेवे फक्त उजवा हातवरी. मन्ही आजी मारे म्हनीसन."

गुरुजींनी ते एक पातं उचललं. खाच उजव्या अंगाला. घासून घासून ते अरुंद झालं होतं, पण मुळाशी पोलाद जाड होतं आणि तिथे शिक्क्याची जागा कोरी, गुळगुळीत घोटलेली होती. मग कमानी. प्रत्येक कमान आपल्या पात्यासोबत वर्षानुवर्षं झिजते. दुसऱ्या पात्याला ती टेकते, पण बसत नाही. त्यांनी एकेक लावून पाहिली. काही डुगडुगल्या, काही अडल्या. एक बसली, आणि दोघांच्या मधून उजेड दिसेना. पट्ट्यांचं काम त्याहून सोपं निघालं. भोकं जुळणारी जोडी एकच होती. बाहेरून ती चिंचोक्यासारखी गडद तपकिरी.

"ही नही," भागाबाई म्हणाली. "ही काळी शे."

गुरुजींनी पट्टी उलटी केली आणि आत साचलेलं काळं तेल पंच्याने पुसलं.

आतल्या बाजूला, जिथे कधी हात पोहोचला नव्हता, ऊन पोहोचलं नव्हतं, घाम पोहोचला नव्हता, तिथे लाकूड पिवळंधमक होतं. मधे कमानीचा गंजलेला ठसा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना हळद.

भागाबाईने पट्टी घेतली. अंगठा त्या पिवळ्यावरून एकदा फिरवला. मग पदराचा शेव तोंडाला लावला. पार्वताबाई तिच्या शेजारी जाऊन टेकल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, नुसत्या टेकल्या.

थोड्या वेळाने गुरुजींनी एक स्वच्छ रुमाल आणला. चारी भाग त्यात मांडले आणि म्हणाले, "घेऊन जा. हे तुमचंच आहे."

"असं? हाडं नेतस तसं?" भागाबाईने डोळे पुसले. "जोडी द्या ना."

"जोडता येईल. पण जुन्या रिबिटी मी काढून फेकल्या. नव्या घातल्या की तो तुमच्या वडिलांचा चाकू राहत नाही. अर्धा माझा होतो." जमवणाऱ्यांचा हा धर्मच असतो. दुरुस्त केलेली वस्तू त्यांच्या लेखी विटलेली.

भागाबाई पहिल्यांदा हसली. "काय बोलतस गुरुजी! रिबिट म्हणजे टाका शे. उसवना का घाली देवाना. ढिली पडनी का मना बापबी नवी टाके. बंडीले टाका घाला म्हनीसन बंडी शिंपीनी व्हस का?"

पार्वताबाई पदराआड हसल्या. गुरुजी उठले आणि हत्यारं घेऊन आले. पितळी तार, कानस, छोटी हातोडी, ऐरण म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा. मुठीत पातं आणि कमान बसवून टेबलाच्या व्हाइसच्या जबड्यात दाबून ताण दिला, भोकं जुळवली, तार ओवून मापाने कापली. सारी तयारी करून त्यांनी हातोडी उचलली, आणि थांबले. तारेचं टोक कोणत्या अंगाने ठोकायचं? त्यांनी पट्टीवर जुन्या रिबिटीची खूण बघितली. ती उलट्या बाजूने, डाव्या हाताने ठोकलेली होती. तिथे त्यांचा हात अवघडत होता.

"माले द्या हातोडी," भागाबाई म्हणाली.

तिने नऊवारीचा काष्टा आवळला, रुळाच्या तुकड्यासमोर मांडी घातली आणि हातोडी डाव्या हातात घेतली. लहानपणी ती वडिलांचा भाता ओढायची, कधीमधी ते तिला ठोकायला देत, एवढंच तिने सांगितलं. पहिला घाव चुकला. तार वाकली. ती स्वतःशीच काही पुटपुटली आणि गुरुजींनी नवी तार घातली. मग ती हलके हलके, कडेकडेने, टोक गोल पसरत ठोकू लागली. गुरुजी चाकू धरून बसले होते. प्रत्येक घाव त्यांच्या बोटांना कळत होता. त्यांनी किती मुलांचे हात धरून ठोकायला शिकवलं असेल. आज ते नुसते धरून बसले.

शेवटची रिबिट बसली. तिने पातं उघडलं, मिटलं. खट्ट.

ती कान देऊन ऐकत होती. पुन्हा उघडलं, मिटलं.

"आवाज जराखा जड शे," ती म्हणाली. "त्याना हलका वाजे." आणि मग, "ऱ्हाऊ द्या. मन्हा हातना शे."

गुरुजींनी चाकू पुसला, तेलाचं एक बोट फिरवलं आणि द्यायला पुढे केला. तिने हात मागे घेतला.

"हातमा नही. खाले ठेवा. लोखंड हातोहात दिधं का भांडन व्हस."

त्यांनी तो पंच्यावर ठेवला. तिने वाकून उचलला, कपाळाला लावला आणि कनवटीला खोचला. दुपारच्या गाडीला वेळ होता, पार्वताबाईंनी तिला जेवायला वाढलं. वांग्याची भाजी होती.

त्या संध्याकाळी गुरुजींनी रुपचंद शेठच्या खणात एक जागा मोकळी केली आणि खाली चिठ्ठी लावली: 'मोतीलाल, चाळीसगाव. खंडेनवमीचा चाकू, हळदूची मूठ. सध्या मुलीकडे, पाचोरा.' नाव होतं, चाकू नव्हता. त्यांच्या खणात असं पहिल्यांदाच घडत होतं.

रविवारी मुलं आली. डबा टेबलावर बघून त्यांचे डोळे चमकले. "गुरुजी, आज कोणता खोलायचा?" गुरुजींनी त्यांना बसवलं आणि आपण त्यांना काय चुकीचं सांगितलं होतं, ते पहिल्यापासून सांगितलं. काही मुलांना कळलं, काहींना नाही. ज्यांना कळलं ती डब्याला हात न लावता त्याच्याभोवती बसली.

नवमीच्या दिवशी सकाळी फोन वाजला. मागे टीव्हीचा आणि पोरांचा गलका होता.

"गुरुजी, भागाबाई बोलस. पूजामा ठेवी दिधा चाकू. नातूले दखाडी दिधा. हात लावू दिधा नही, भलता अवखळ शे." मग ती म्हणाली, "आनि त्या बाकीना?"

"इथेच आहेत. टेबलावर. जोड्या लावतो आहे."

"मना बापनासंगे काम करे त्या झिपरूना चाकूले पितळनी टोपी व्हती. त्याले भलती हौस. देखा बरं सापडस का."

गुरुजींनी फोन खांद्याला दाबून धरला, चष्मा वर ढकलला. सुट्या पट्ट्यांमध्ये एकीच्या टोकाला हिरवट गंजलेलं काहीतरी होतं. त्यांनी नखाने खरवडलं. खाली पिवळा कण चमकला.

"त्यांचं कोणी आहे का?" त्यांनी विचारलं.

"लेक शे ना. भडगाव रोडले ऱ्हास. का?"

"पत्ता सांगा," गुरुजी म्हणाले, आणि पेन्सिल शोधू लागले.